नमुना क्रमांक एक

पेण, ११ जानेवारी २०२५

सुरभी,

वर ‘चिरंजीव’ लिहावं की ‘प्रिय’, यात एक कागद वाया गेला, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. फोन तू उचलत नाहीस. साडेतीन वर्षं झाली. पोस्टाने आलेलं पाकीट माणूस निदान उघडून तरी बघतो, एवढ्या आशेवर हे तुझ्या नागपूरच्या भूविज्ञान खात्यातल्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर खुशाल लाल पेनाने गोल कर. सव्वीस वर्षांपूर्वी मी तुझ्या वह्यांवर कमी गोल काढलेले नाहीत.

गुरुवारी तुमच्या वाडीवर जाऊन आले. दर जानेवारीत जुनी पोरं पोपटीला, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला बोलावतात, या वर्षी कुणाचं बोलावणं आलं नाही. म्हातारीला विसरले असतील म्हणून मीच गेले. खांब गावाला एस.टी.तून उतरले आणि पुढे चालत. पूर्वी त्या वाटेवर दोन्ही बाजूंना वालाची हिरवी चादर असायची, आता डंपरची पांढरी धूळ आहे. शेतात वाल होते, पण वीतभर वाढून जागच्या जागी सुकलेले. शेंगाच नाहीत तर पोपटी कशाची लावणार, हे माझ्या लक्षात यायला तुमच्या ओट्यापर्यंत पोचावं लागलं.

तुझ्या आईने मला बसायला पाट दिला. पाणी दिलं नाही. खोटं कशाला सांगू, मला लागलं ते. तुमच्या घरी उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत तांब्या पुढे यायचा. विठूदादा गेले तेव्हा मी भेटायला आले होते, त्या दिवशीसुद्धा गिरजाबाईंनी रडता रडता आधी पाणी आणलं होतं. मी तासभर कोरड्या घशाने बसले आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली.

मग मी तुझा विषय काढला. गिरजाबाई वाल निवडत होत्या, गेल्या वर्षीचे. मान वर न करता म्हणाल्या, “तिचं नाव काढू नका, बाई. पयला घाव तिचा हाय.”

शेजारच्या सगुणाने मला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. मोठी विहीर गेल्या वर्षी संक्रांतीलाच आटली. या वर्षी दिवाळीनंतर तळ दिसला. टँकर एक दिवसाआड येतो, घरटी चार हंडे. गाव म्हणतं, शाळेजवळच्या त्या काळ्या दगडाच्या, राकसाच्या भिंतीवर पहिला हातोडा विठूच्या सुरभीने घातला, तेव्हाच राकस उठला. गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा तुला कुणी टँकरच्या रांगेत उभं राहू दिलं नाही आणि तू दुपारच्या गाडीनेच परत गेलीस, हेही तिनेच सांगितलं. मला ठाऊक नव्हतं.

यात माझा काही हात नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे. खाणवाल्यांनी शाळेच्या वार्षिक अंकातला माझा जुना लेख कुठून तरी मिळवला आणि ती भिंत फोडायची परवानगी काढायला वापरला. मी काय करणार? छापलेला लेख कुणीही वाचू शकतं.

तब्येतीला जप.

श्यामलाबाई

पेण, २ फेब्रुवारी

सुरभी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन दिसला की गॅलरीत जाते खरी.

काल हर्षद आला होता. भाऊ म्हणून तो तुझ्याशी बोलतो की नाही, मला माहीत नाही. आता तो क्रशरवर सुपरवायझर आहे, हातात दोन फोन. आमच्या गल्लीत गणपतींचे साचे वाळत घातलेले असतात, त्यातून त्याने गाडी आत आणली आणि दोन कारागिरांच्या शिव्या खाल्ल्या. माझ्या पाया पडला. सहा मार्चला वाडीवर सुनावणी आहे म्हणाला. भिंतीचा पूर्वेकडचा भाग संपला, आता पश्चिमेकडचा, शाळेच्या विहिरीपर्यंतचा हवा आहे. हायवेला खडी कमी पडते आणि त्या भिंतीइतका कठीण दगड आसपास दुसरा नाही. मी येऊन दोन शब्द बोलावेत, असं त्याचं म्हणणं. “तुमचा शब्द गाव मानतो, बाई.” आणि त्याने पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली.

ते माझं अक्षर होतं. गेल्या पत्रात मी लेखाबद्दल लिहिलं, या कागदाबद्दल लिहिलं नाही. आता लिहिते.

जून २०२१ मध्ये हर्षद असाच आला होता. गाव हरकत घेतंय, राकसाची भिंत आहे म्हणतंय, तुम्ही शास्त्र सांगा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कुणी शास्त्र विचारायला येत नाही, लोक फार तर पोहे-पापड कुठले चांगले ते विचारतात. मी त्याला चहा दिला आणि एका बैठकीत दीड पान लिहून दिलं. ही भिंत कुणी बांधलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. ते थंड होऊन त्यांना भेगा पडल्या, आणि खालून आलेला शिलारस अशाच एका भेगेत शिरून तिथेच गोठला. भोवतालचा खडक मऊ, तो झिजून गेला. हा कठीण, म्हणून उभा राहिला. थंड होताना आडव्या चिरा पडल्या, त्यामुळे दगडावर दगड रचल्यासारखा दिसतो. त्याला डाइक म्हणतात. ‘सदर खडकास धार्मिक वा अन्य कोणतेही महत्त्व नाही.’ खाली सही, तारीख, आणि ‘निवृत्त भूगोल शिक्षिका’.

‘वा अन्य कोणतेही.’ हे तीन शब्द मी का घातले, ते आज मला सांगता येत नाही. वाक्य गोल झालं, एवढंच कारण असावं.

कागद दोन दिवस माझ्याकडेच होता, हर्षद नंतर नेणार होता. मधल्या दिवशी तुझा फोन आला. तू फार सावकाश, समजावून बोललीस. म्हणालीस, बाई, भिंत वर पुरुषभर दिसते पण खाली खोल गेलेली आहे. डोंगराकडून मऊ, जाळीदार खडकातून झिरपत येणारं पाणी तिला अडतं, म्हणून तर वरच्या अंगाला दोन्ही विहिरी आहेत आणि भात काढल्यावर नुसत्या ओलीवर वाल होतात. जमिनीच्या खालपर्यंत ती तोडली तर पाणी निघून जाईल. कागद देऊ नका.

मला तेव्हाच पटलं होतं, सुरभी. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं होतं की हे बरोबर आहे, आणि एकतीस वर्षं त्या भिंतीसमोर उभी राहून मी पोरांना ती कुठून आली ते शिकवलं, ती काय करते ते मला एकदाही सुचलं नाही. तुला सुचलं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. “एवढी शिकलीस आणि शेवटी आईसारखीच राकसाला भ्यायला लागलीस.” तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी मी हर्षदला कागद दिला.

काल त्याला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. बघते म्हणाले.

श्यामलाबाई

पेण, १९ फेब्रुवारी

सुरभी,

तीन वेळा लिहायला बसून उठले. माझ्या टेबलावर वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर एक दगड असतो, तो तू पाहिलेला नाहीस. म्हणजे पाहिला आहेस, पण इथे नाही. मुठीपेक्षा जरा मोठा, काळाभोर. एका अंगाला नुसत्या डोळ्याने कणही दिसत नाही इतका बारीक पोत आहे, कारण ती भिंतीची कड होती, थंड खडकाला टेकलेली, तिथे शिलारस झटकन गोठला. दुसऱ्या अंगाला कण जरा दिसतात. त्यावर कागदाची पट्टी आहे, पिवळी पडलेली. ‘नमुना क्र. १. बेसाल्ट. फोडणारी : कु. सुरभी, इ. सातवी.’ निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या कपाटातून मी तो पर्समध्ये घालून आणला. विचारलं कुणालाच नाही.

१९९८ चा डिसेंबर. आठवड्यापूर्वीच वर्गात मी गुळाचा पाक ताटलीत ओतून लाव्हा कसा पसरतो ते दाखवलं होतं आणि तुम्ही सगळ्यांनी तो लाव्हा खाऊन टाकला होता. मग तुम्हाला भिंतीपाशी नेलं. त्या भिंतीचा दगड वाडीत तीन दगडांच्या चुलीलासुद्धा कुणी लावत नसे. वालाच्या पहिल्या शेंगांची जुडी तिच्यावर ठेवायची आणि मागे न बघता घरी यायचं, हा रिवाज. मी ठरवून टाकलं होतं की हे मोडायचं. हातोडा पुढे करून विचारलं, कोण येतं? चोवीस पोरांपैकी एक हललं नाही. मग तू आलीस. येताना एकदा घराच्या दिशेने पाहिलंस.

तू चार घाव घातलेस. ठिणग्या उडाल्या, हातोडा उलटा उडून तुझ्या नडगीला लागला, तळहात लाल झाले. दगडाचा टवकासुद्धा निघाला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, राकस धरून बसलाय. पोरं मागे सरकायला लागली.

आज शहाणपण सांगायचं तर सोपं होतं. इतक्या बारीक पोताचा खडक बारा वर्षांच्या मुलीच्या हाताने फुटत नाही, एवढंच तिथे सांगायचं. तेच खरं शास्त्र होतं. पण मला हरायचं नव्हतं. मी म्हणाले, आज घरी जा, उद्या बघू.

शाळा सुटल्यावर शिपाई रघूला घण घेऊन तिथे नेलं. त्याने आधी कानाला हात लावून भिंतीची माफी मागितली. म्हणाला, बाई सांगतात म्हणून करतो. चिरेवर दहा-बारा घाव घातले तेव्हा कुठे एक तुकडा निघाला. तो मी, तू मारलं होतंस त्या जागेच्या खाली टाकला. सकाळी तुम्हाला रांगेने तिथे आणलं आणि सांगितलं, सुरभीच्या घावांनी आत तडा गेला होता, तुकडा मागाहून सुटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू दगडाकडे पाहिलंस, मग स्वतःच्या हातांकडे. तू, जिला दर वाक्याला ‘का’ विचारायची सवय, त्या दिवशी काही विचारलं नाहीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. रोह्याच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर, तुझा तो दगड हातात घेतलेला फोटो पेपरात, तो वाडीच्या देवळात कुणीतरी चिकटवला आणि तुझ्या आईने फाडला. आठ दिवसांनी गिरजाबाई नारळ घेऊन शाळेत आल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, दगड परत द्या, जिथला तिथे ठेवते. मी हसले. वर्गासमोर हसले, सुरभी. म्हणाले, हा आता शास्त्राचा आहे.

पहिला घाव तुझा नव्हता. माझा होता, तोही रघूच्या हातून. आणि वाडी सव्वीस वर्षांनी तुला टँकरच्या रांगेतून बाहेर काढते आहे.

तू आज इतके खडक हाताळतेस. चार घावांनी मागाहून तडा जात नाही हे तुला कॉलेजच्या पहिल्या वर्षातच कळलं असणार. तरी फोनवर एवढं भांडण झालं तेव्हासुद्धा तू ते माझ्या तोंडावर मारलं नाहीस. मला आता तेच सगळ्यात जास्त टोचतं. मी सहा तारखेला जाणार आहे. हर्षदला कळवलं, येते म्हणून. काय बोलणार ते त्याने विचारलं नाही.

श्यामला

रोहा, ६ मार्च, एस.टी. स्टँड

सुरभी,

पेणची गाडी लागायला अवकाश आहे, वही मांडीवर आहे. अक्षर वाकडं येतंय, ते बाकामुळे आणि थोडं माझ्यामुळे.

सुनावणी शाळेच्या पटांगणात होती. मांडव, खुर्च्या, साहेब, खाणवाल्यांचा एक टापटीप वकील. पाण्याच्या बाटल्या फक्त पुढच्या टेबलावर होत्या. पलीकडे भिंतीचा उरलेला तुकडा आणि जिथे ती तोडली तिथे मोठा खड्डा. मी खड्ड्यात डोकावले. भिंत खाली किती गेली आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी तोडली आहे आणि तरी तळाला काळा दगडच आहे. एका कडेच्या मऊ खडकातून अजून बारीक धार येते आहे, विहिरीत जायची ती खड्ड्यात जाते, आणि पंप ती नाल्यात सोडतो. तू फोनवर सांगितलं होतंस अगदी तसंच आहे.

वकिलाने माझा कागद मोठ्याने वाचला. ‘वा अन्य कोणतेही महत्त्व नाही.’ माझंच वाक्य, आणि दुसऱ्याच्या तोंडून इतकं मूर्ख वाटलं. मग हर्षदने मला माईकपाशी नेलं.

मी सांगितलं की अक्षर माझं आहे आणि चूकही माझीच. भिंत शिलारसाची आहे हे खरं, पण तिला महत्त्व नाही हे खोटं. ती जमिनीखालचा बांध आहे, आणि हे मला माझी विद्यार्थिनी सुरभी हिने कागद द्यायच्या आधी सांगितलं होतं, मी गर्वाने ऐकलं नाही. हर्षद खाली बघत होता. साहेब लिहून घेत होते, त्यांनी हे तांत्रिक आहे, लेखी द्या म्हटलं. मी लेखी नेलंच होतं, सहीसकट, आणि आधीचा कागद मागे घेते असं त्यात लिहिलं आहे. सुनावणी पुढे ढकलली आहे. भूजल खात्याचा माणूस येऊन पाहीपर्यंत पश्चिमेकडच्या भागाला हात लावायचा नाही, असं साहेबांनी सांगितलं. किती दिवस पाळतील देव जाणे. पोकलेन अजून तिथेच उभा आहे.

मग मी माईक सोडला नाही. दगडाची गोष्ट सांगितली. डिसेंबर अठ्ठ्याण्णव, चार घाव, घण, सगळं. मागे रघू बसला होता, आता त्याला नीट दिसत नाही. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “व्हय. मी फोडला. बायनी सांगितला म्हून.” बसला.

एका म्हाताऱ्याने विचारलं, मग बाई, आता फोडलेली भिंत परत बांधली तर पाणी येईल काय? एकतीस वर्षांत पोरांच्या एकाही प्रश्नाला मी ‘नाही’ एवढं आखूड उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं. मोठी विहीर गेली. शाळेची राहिली तर राहिली.

सभा उठल्यावर गिरजाबाई माझ्यापाशी आल्या. मी पर्समधून दगड काढला. पट्टी काल पेणला पाण्याने भिजवून काढली, तुझं नाव त्यावर ठेवायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ फिरवून पाहिला. म्हणाल्या, “आता ह्याला ठेवू कुठं? याची जागा तर तुमी खडी करून नेली.” त्यांनी तो शाळेच्या विहिरीच्या काठावर ठेवला.

मग खाली बसल्या आणि मला हे सांगितलं. मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण हे तुझं आहे.

“ती त्या टायमालाच बोलली व्हती मला. आये, माझ्यानं नाय फुटला, कुनी तरी आनून टाकला. मी तिला मारलं. बाय खोटं बोलतील काय, तूच खोटारडी, असं म्हटलं मी.”

मी तिथे विहिरीवर बसून रडले, सुरभी, वयाचं भान न ठेवता. गिरजाबाई रडल्या नाहीत. घरात गेल्या आणि पेला घेऊन आल्या. अर्धाच होता, टँकरचा, औषधाचा वास येणारा. मी नको म्हटलं तर तिथेच उभ्या राहिल्या, मी पिऊन संपवीपर्यंत.

निघताना म्हणाले, सुरभीला काय कळवू? त्यांनी पदराने हात पुसले.

“तिला लिवा, दगड मिळाला. आता तिनं यावं.”

श्यामला